विचार करूनही वाटा वेगळ्या का?

चि. स अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं म्हणणं असं, की नीट विचार केला तर माणूस देव सोडतोच. ज्याने सोडला नाही, त्याने विचार अर्ध्यावर टाकला. मी स्वतः देव मानत नाही, तरी हे मला पटत नाही.

पंडिता रमाबाईंचंच बघ. वडील नावाजलेले शास्त्री. तीर्थयात्रा, उपासतापास, पुराणकथन यांत घर सगळं फिरस्तीवर. दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील, बहीण गेली. पुढे भाऊ आणि नवराही. एवढ्या भक्तीनंतर देव धावला नाही, हे त्यांनी भोगलं होतं. मग धर्मशास्त्रं वाचली, तेव्हा त्यांत बाईला काय जागा आहे तेही कळलं. अशी बाई नास्तिकच व्हायला हवी, असं तू म्हणशील. पण त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, ख्रिस्ती झाल्या. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथल्या ख्रिस्ती जोगिणी (नन) मायेने सांभाळताना त्यांनी पाहिलं होतं, आणि बायबलमधली येशू व शोमरोनी बाईची गोष्ट त्यांना भिडली होती.

त्याच काळात पुण्यात आगरकर होते. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत वाचून घडलेले. पुरावा नाही तिथे श्रद्धा नाही, असा सरळ हिशेब. सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी ‘सुधारक’मधून लिहीत राहिले. विधवांचं केशवपन, बालविवाह यांची चीड दोघांनाही सारखीच. पण रमाबाईंचा प्रश्न होता, टाकलेल्या बाईला जवळ कोण घेईल? आगरकरांचा होता, ही रूढी कोणत्या अधिकाराने चालते? प्रश्नच वेगळे, तिथे उत्तरं एक कशी येणार? रानडे प्रार्थनासमाजात एकेश्वरी राहिले, त्यांचाही प्रश्न आणखी तिसराच असणार.

धर्मांतरानंतर रमाबाईंनी डोकं गहाण ठेवलं, असंही समजू नकोस. चर्च सांगतं म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. इथल्या भटजींच्या जोखडातून नुकती मान सोडवली आहे, ती दुसऱ्या जोखडात देणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी आपल्याला गुरुस्थानी असलेल्या इंग्रज जोगिणीला लिहिलं. त्यांचा हा पत्रव्यवहार मिळवून वाच. इतकी ताठ श्रद्धा मी फार थोड्या ठिकाणी पाहिली.

बापलेकातही हे घडतं. धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या ओढीने गोव्यातलं घर सोडून नेपाळ, सिलोनपर्यंत गेले. मुलगा दामोदर मार्क्सवादी झाला. वडिलांच्या शोधाचं वळण लेकात मला दिसतं, मुक्काम मात्र वेगळा.

याचा अर्थ सगळंच बरोबर, असा लावू नकोस. कोणी अंगाऱ्याने कावीळ बरी होते म्हणाला, तर तिथे कडकडून भांड. ते तपासता येतं आणि माणसाचा जीव जाऊ शकतो. जगणं कशाच्या आधारावर उभं करायचं, हा मात्र तपासून निकाल लावण्याजोगा प्रश्न नाही. तिथे माणसाच्या वाट्याला आलेलं दुःख, हाती पडलेली पुस्तकं, भेटलेली माणसं यांचं वजन पडतं. तुझ्याही बाबतीत पडलंय.

दिवाळीला घरी जाशील तेव्हा बाबांशी देव आहे की नाही यावर हुज्जत नको. ते पहिल्यांदा वारीला का निघाले, ते विचार आणि मधे न बोलता ऐक. त्यांनी उलट विचारलंच, तर तुझा विश्वास नेमका कधी आणि कशाने उडाला, तेही त्यांना खरंखरं सांग.

तुझे,
सर