पोरगं पाण्यात असताना मोबाईल बॅगेतच ठेव

अगं पूलवर लाईफगार्ड आहे म्हणून निवांत बसू नको, तो एकटा बिचारा कुणाकुणाकडे बघणार. बुडणारं पोर सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, तोंड जेमतेम पाण्याच्या वर, मान मागे, आवाज शून्य, शेजारच्याला वाटतं खेळतंय. त्यामुळे लेक नीट पोहायला शिकेपर्यंत तू स्वतः पाण्यात, हात पुरेल एवढ्या अंतरावर. दंडातले फुगे म्हणजे खेळणंच, कधी निसटतील नेम नाही. निळा स्विमसूट नको, पाण्याखाली दिसतच नाही, भडक केशरी घे. आणि रविवारी खडकवासला धरणावर भजी खा, कणीस खा, पण पोरांना पाण्यात उतरवू नको, तिथला गाळ नि खोली वरून कळत नाही. सीपीआर (छाती दाबून नि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवणं) मात्र शिकच, बुडालेल्या पोराला उलटं धरून पाणी काढायच्या भानगडीत वेळ जातो नुसता.