हवामान शिकायचंय पण सायन्सचा पाया नाही, सुरुवात कुठून करू?

ताई, तुम्ही लिहिलंय की बारावी आर्ट्स झालंय, सायन्स दहावीनंतर सुटलं, आणि हवामानाचं कुठलंही पुस्तक उघडलं की पहिल्याच धड्यात तपांबर, स्थितांबर अशी वातावरणाच्या थरांची नावं येतात आणि तिथंच गाडी अडते. माझं स्पष्ट मत आहे, तो धडा सध्या बाजूला ठेवा. हवेतल्या वाफेपासून सुरू करा, बाकीचं तिच्या मागोमाग येतं.

मी सोलापूरचा, घरचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. उन्हाळ्यात दुपारी वडील फरशीवर पाणी मारायला लावायचे, कारण हवा कोरडी झाली की मागावरचं सूत सतत तुटतं, ओलसर हवेत कॉटनला ताकद राहते. तेव्हा मला प्रश्न पडायचा की सकाळी सातला माग नीट चालतोय आणि दुपारी तीनला तुटातूट सुरू, मग मधल्या आठ तासात हवेतलं पाणी गेलं कुठं? बऱ्याच वर्षांनी कळलं की ते कुठं गेलेलंच नसतं. 25 अंशाला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त 23 ग्रॅम वाफ मावते आणि 40 अंशाला 51 ग्रॅम. समजा हवेत 17 ग्रॅम आहे, तर सकाळी आर्द्रता झाली 74 टक्के आणि दुपारी तीच वाफ असून 33 टक्के. म्हणजे टक्केवारी बदलली, पाणी जवळपास तेवढंच. हे एकदा डोक्यात बसलं ना की बातम्यांमधली आर्द्रता ऐकून गोंधळ होत नाही.

म्हणून टक्क्यांपेक्षा दवबिंदू शिका, म्हणजे हवा किती अंशापर्यंत गार केली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते तो आकडा. घरीच मोजता येतो. स्टीलच्या ग्लासात साधं पाणी घ्या, थोडाथोडा बर्फ टाकत ढवळत राहा, ग्लास बाहेरून धुरकट व्हायला लागला की त्या क्षणी पाण्याचं तापमान बघा, तोच साधारण दवबिंदू. थर्मामीटर लॅबचा लागतो, तापाचा चालत नाही. आणि माठाकडे लक्ष ठेवा, एप्रिलमध्ये पाणी मस्त गार आणि जुलैत तोच माठ नुसता नावाला, कारण बाहेरची हवा आधीच ओली असली की माठावरचं पाणी उडून जात नाही आणि उडालं नाही तर गारवा कुठून येणार. कूलरचंही तेच.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: हवा वर गेली की थंड होते, खाली आली की तापते. वर दाब कमी, त्यामुळं हवा फुगते आणि फुगण्यात तिची स्वतःची उष्णता खर्च होते. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो ते याच्या उलटं. ढग होईपर्यंत दर किलोमीटरला सुमारे 10 अंश उतरतात. यावरून एक सोपा हिशोब आहे, तापमानातून दवबिंदू वजा करा, 125 नं गुणा, ढगाचा तळ अंदाजे तेवढ्या मीटरवर. मे महिन्यात आमच्याकडं 40 आणि 16 असेल तर 3000 मीटर, ऑगस्टमध्ये 28 आणि 22 असेल तर 750. वळवाच्या वेळी लांब आभाळातून पावसाच्या झालरी लोंबताना दिसतात पण अंगावर थेंब नाही, ते यामुळंच, इतक्या उंचावरून येताना पाऊस वाटेतच सुकतो. तो सुकताना हवा गार आणि जड होऊन धाडकन खाली येते, म्हणून वळवात आधी धूळ, पत्रे उडणं, आणि मग पाऊस, आला तर.

सह्याद्रीचंही उत्तर यातच आहे. समुद्रावरून आलेली हवा घाट चढताना पाणी टाकते, महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर, आणि इकडं उतरताना तीच हवा तापते. जुलैत आमच्यावरून ढग पळत जातात आणि शेतकरी वर बघत बसतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं 2018 आणि 2019 ला विमानातून ढगांत बीजरोपण करायचे, म्हणजे पाऊस पडावा म्हणून ढगांत बारीक कण सोडायचे, प्रयोग सोलापूर भागातच केले ते उगाच नाही. आमचा भरवसा सप्टेंबरवर आणि हत्तीच्या पावसावर, बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर. मंगळवेढ्याची ज्वारी त्याच ओलीवर उभी राहते. पण तोच पाऊस कधी उलटतो, 13 ऑक्टोबर 2020 ला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलेलं खोल डिप्रेशन, म्हणजे वादळाच्या एक पायरी खालचं कमी दाबाचं क्षेत्र, दुसऱ्या दिवशी आमच्यावर होतं, त्या रात्री आम्ही मागाचे बीम, म्हणजे सूत गुंडाळलेले रूळ, विटांवर चढवून ठेवले आणि पुढं भीमेच्या पुरानं पंढरपूरचे हाल झाले ते सगळ्यांनी बघितलं.

तुम्ही असं करा, एक वही घ्या, रोज ठरलेल्या वेळी तापमान, दवबिंदू, वारा कुठून, ढग कसले, एवढंच लिहा, आणि हवामान खात्याच्या साइटवर इन्सॅट उपग्रहाचं ताजं चित्र बघून त्याच्याशी जुळवा. सुरुवातीला गणित वजाबाकी-गुणाकाराच्या पुढं लागत नाही.

वळवाचा मोठा ढग वर चढत जाऊन एका उंचीवर लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरलेला दिसला की मग तो थरांचा धडा उघडा. आपल्याकडं साधारण 16-17 किलोमीटरवर तपांबर, म्हणजे सगळ्यात खालचा थर, संपतं, त्याच्यावर हवा थंड व्हायची थांबून उलट उबदार होत जाते, खालून आलेली हवा तिथं आजूबाजूच्यापेक्षा जड पडते आणि ढगाला वर जाता येत नाही म्हणून तो आडवा होतो.