कॅलेंडरवरची लाल खूण आजच काढा

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी २३ वर्षांची, कॉम्प्युटर इंजिनिअर. दोन मैत्रिणींसोबत ती पाच भागांत उलगडणारा, गोष्ट सांगणारा गेम करते आहे. पहिला भाग ८ महिन्यांत झाला, खेळणाऱ्यांना आवडलाही. दुसऱ्यावर १४ महिने काम चाललंय, अजून तो बाहेर आलेला नाही. वडिलांनी बैठकीच्या खोलीतल्या कॅलेंडरवर ३१ मार्चला लाल खूण केली आहे. तोवर भाग आला नाही तर गेम बंद आणि बँकेच्या परीक्षेचा अभ्यास सुरू. ते विचारतात : कुठला कोर्स लावला म्हणजे हिच्या कामाचा वेग वाढेल?

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तुमच्या मुलीचं एकही वाक्य नाही. गेमची गोष्ट काय आहे, दुसरा भाग नेमका कुठे अडलाय, तिला स्वतःला काय वाटतं, काहीच नाही. तिच्या आतेभावाचं पॅकेज मात्र आकड्यासकट आहे. रोज रात्री जेवताना तुम्ही तिला ‘आज किती झालं?’ असं विचारता. तुम्ही ते काळजीपोटी विचारता, यावर माझा विश्वास आहे. पण मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती याच ओळीची. ताटावर रोज हजेरी द्यावी लागली की माणूस दाखवण्यापुरतं काम करू लागतो. गेमचा मेनू सजतो, चित्रं रंगतात आणि अडलेला प्रसंग अडलेलाच राहतो. परवा काकूंनी त्या लाल खुणेबद्दल विचारल्यावर ती जेवण सोडून उठली, असंही तुम्हीच लिहिलंय. चार पाहुण्यांसमोर टांगलेली मुदत ही शिक्षा आहे. ती खूण आजच काढा.

आता तुमचा हिशेब. पहिल्या भागाला ८ महिने, म्हणून दुसऱ्यालाही ८ आणि पाचही भाग ४० महिन्यांत. इथेच सगळं फसतं. पहिल्या भागात गोष्टीला मागचं ओझं नसतं. दुसऱ्यात मात्र खेळणाऱ्याने आधी कोणाला मदत केली, कोणाशी खोटं बोलला, हे धरून संवाद लिहावे लागतात आणि त्यातली प्रत्येक वाट स्वतः खेळून तपासावी लागते. शिवाय जागा, चित्रं, संगीत पुन्हा नवं. ‘केंटकी रूट झीरो’ हा अमेरिकेतला पाच अंकी गेम तिला नक्की माहीत असेल. तो करणारे मुख्यतः तिघं. २०११ मध्ये त्यांनी लोकांकडून साडेआठ हजार डॉलर जमवले. पहिला अंक जानेवारी २०१३ मध्ये आला आणि दुसरा पाचेक महिन्यांनी. तिसऱ्याला मग एक वर्ष लागलं, चौथ्याला दोन वर्षांहून जास्त आणि पाचवा आला जानेवारी २०२० मध्ये. ‘डेल्टारून’ या अशाच भागाभागांनी येणाऱ्या गेमचा पहिला भाग २०१८ चा, दुसरा २०२१ चा आणि तिसरा-चौथा एकदम जून २०२५ मध्ये. ही आळशी माणसं नव्हेत. तुमच्या मुलीचे १४ महिने या कामात अजिबात जगावेगळे नाहीत. हे कोणत्याही कोर्सने बदलणार नाही.

तिलाही थोडं स्पष्ट सांगायचंय. तीन मुलींनी पहिल्याच गेमला पाच भागांचं वचन द्यायला नको होतं. पाचही भागांचे पैसे आधीच घेतले असतील तर ते कर्ज आहे, असं समजून चालावं. नसतील, तर आता घेऊ नयेत. माझ्या मते तिने पाचाचे तीन भाग करावेत. दुसरा भाग असा रचावा की वर्षभराने आलेल्याला, मागचं अर्धं विसरलेल्यालाही तो पुरा वाटावा. ‘केंटकी’वाल्यांनी अंकांच्या मधल्या काळात छोटे तुकडे फुकट दिले होते, तसा एखादा करावा. त्यांच्या गेममध्ये खेळणाऱ्याच्या निवडीने शेवट फारसा बदलत नाही, पात्राचं मन मात्र वेगळं दिसतं. तीन माणसांना झेपेल अशी ही युक्ती आहे, तिने ती नीट अभ्यासावी.

पैशाची तुमची चिंता खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. मुदत घालायचीच तर पैशाला घाला. घर तिला आणखी किती महिने सांभाळू शकतं, तो आकडा दार लावून, शांतपणे, फक्त तिला सांगा. त्यानंतर तिने अर्धवेळ प्रोग्रॅमिंगचं काम धरावं. गेम संथ होईल, चालेल. बँकेची परीक्षा काय किंवा डिझाइनची प्रवेश परीक्षा ‘सीड’ काय, दरवर्षी होतात. तिला वाटलं तर पुढच्या वर्षी देईल.

पुढचं पत्र तिचं येऊ द्या, तुम्ही न वाचता पाठवलेलं. सोबत पहिल्या भागाची लिंक पाठवायला सांगा. मी तो खेळून मगच तिला उत्तर लिहीन.