कात्री, पुठ्ठा आणि ७८ फेरे

प्रश्न : ब्रायन गायसिनचं ‘कट-अप’, म्हणजे छापील मजकूर कापून नव्याने जुळवणं, हे दादावादी कवी त्रिस्तान त्झारासारखं टोपीतून शब्दांच्या चिठ्ठ्या काढणंच ना?

उत्तर : नाही. चिठ्ठीत शब्द सुटा होतो, वाक्य मोडून पडतं. गायसिन मुळात चित्रकार. १९३५ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, पॅरिसच्या सररिअलिस्ट (अतिवास्तववादी) प्रदर्शनातून त्या गटाचा म्होरक्या आंद्रे ब्रेताँने त्याची चित्रं उतरवली होती. १९५९ मध्ये पॅरिसच्या ‘बीट हॉटेल’मध्ये (बीट लेखकांचा मुक्काम असलेलं स्वस्त हॉटेल) चित्राचा पुठ्ठा कापताना पातं खालच्या वर्तमानपत्रांतून गेलं आणि पट्ट्या शेजारीशेजारी वाचता आल्या. साहित्य चित्रकलेच्या पन्नास वर्षं मागे आहे, असं तो म्हणे. हा त्यावरचा उपाय.

गायसिनचा मित्र, अमेरिकन कादंबरीकार विल्यम बरोजने सांगितलेली रीत अशी : छापील पान उभं आणि आडवं मधोमध कापा. वर १ आणि २, खाली ३ आणि ४. आता ४ च्या शेजारी १ आणि २ च्या शेजारी ३ लावा. ओळी नीट जुळवा, नाहीतर डोळा पुढच्या तुकड्यात सरकतच नाही. अर्धी-अर्धी पदं शाबूत राहतात, म्हणून नवं वाक्य जवळजवळ लागतं. गंमत त्या ‘जवळजवळ’मध्ये आहे. नवशिके सगळंच ठेवून देतात. पानातून एखाददुसरी ओळ हाती लागली तरी पुष्कळ.

प्रश्न : गायसिनचं ‘ड्रीममशीन’, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशाने रंग दाखवणारं फिरतं नळकांडं, बनवलं. नळकांड्याला एका रांगेत आठ खाचा, आत दिवा, खाली रेकॉर्ड प्लेअरची तबकडी मिनिटाला ३३ फेऱ्यांवर. काहीच दिसत नाही.

उत्तर : आधी हे वाचा : घरात कोणाला अपस्मार असेल किंवा कधी फिट आली असेल, तर यंत्र लावूच नका. लुकलुकत्या प्रकाशाने झटका येऊ शकतो.

चूक वेगाची आहे. उघडझाप सेकंदाला ८ ते १३ वेळा व्हायला हवी. मेंदूतल्या अल्फा लहरींचा पट्टा तोच. मिनिटाला ३३ फेऱ्यांत आठ खाचा जेमतेम साडेचार उघडझापा देतात. गायसिन आणि त्याचा तंत्रज्ञ साथीदार इयन सॉमरव्हिल यांचं यंत्र ७८ वर फिरे. तिथे त्याच आठ खाचांच्या सेकंदाला दहा उघडझापा होतात. ७८ नसेल तर ४५ वर चौदा खाचा पाडा, ३३ वर अठरा. खाच आणि मधला पुठ्ठा साधारण सारख्याच रुंदीचे ठेवा. दिवा वरून, बरोबर मध्यावर टांगा. कडेला सरकला तर पुठ्ठा तापतो.

आणि डोळे मिटून बसा, चेहरा नळकांड्याजवळ. उघड्या डोळ्यांना फिरता पुठ्ठाच दिसणार. गायसिनलाही १९५८ च्या डिसेंबरात धावत्या बसमध्ये, झाडांमागून येणाऱ्या मावळत्या उन्हात, हे रंग मिटल्या डोळ्यांनीच दिसले होते.