आईच्या गुडघ्यांना झेपेल असं जंगल

प्रश्न: आईला गुडघेदुखी, मुलगा सात वर्षांचा. पावागडच्या पायऱ्या नको म्हणतात दोघं. जंगल, तळं आणि सोपी वाट असं बडोद्याजवळ कुठे मिळेल?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर: मग सरळ जांबुघोडा गाठा, बडोद्याहून हालोलमार्गे साधारण ७० किलोमीटर, म्हणजे सकाळी चहा पिऊन निघालात तरी चालतं. १९९० साली अभयारण्य झालं, १३० चौरस किमीचं, पण तुम्हाला सगळं थोडंच फिरायचंय! कडा धरणाकडे जा, तिथे वनखात्याचा कॅम्प आहे, तलावाच्या कडेकडेने निवांत चालायचं, आई दमल्या की तिथेच सावलीत बसवा आणि मुलाला पाणपक्षी दाखवा. पाण्यात मात्र उतरू देऊ नका. वेळ उरला तर तारगोळ तलावही आहे.

झाडं म्हणाल तर साग, मोह, बांबू. हिवाळा संपता संपता सागाची पानं गळतात, ती ताटाएवढी, वाळून कुरकुरीत झालेली, आणि त्यांच्याखाली दगड अजिबात दिसत नाही, म्हणून आईंना चपला नकोतच, बूट आणि हातात काठी. मार्च-एप्रिलला मोहाची फुलं पडतात आणि ती खायला अस्वलं येतात, बिबटेही आहेत इथे, तेव्हा भल्या पहाटे किंवा अंधारात झाडीत शिरायचं धाडस करू नका. मला विचाराल तर पावसाळा सरल्यावर जा, तलाव भरलेला असतो. निघण्याआधी वनखात्याकडे परवानगीचं तेवढं विचारून घ्या, आणि डबा घरूनच न्या हं.