ज्युनिअर वकिलाला: कामगाराची केस घेताना

तू लेबर कोर्टाची प्रॅक्टिस सुरू करतोयस, तर आधी जुनी टिपणं बाजूला ठेव. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे, लागू झाल्यात. कामावरून काढलं तर पूर्वी तीन वर्षांत दाद मागता यायची, आता दोनच वर्षं. म्हणून पक्षकाराला पहिला प्रश्न तारखेचा विचार, अन्याय किती झाला ते नंतर.

ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सुटताना मालकाने द्यायच्या एकरकमी पैशाचा, हिशेब मात्र तोच. शेवटचा पगार 13,000 असेल तर भागिले 26, गुणिले 15, म्हणजे वर्षाला 7,500. बारा वर्षांचे 90,000. पण आपल्या सोलापूरच्या पूर्वभागातून येणारी तेलुगू बोलणारी विडी कामगार अक्का किंवा यंत्रमागावरचा माणूस महिन्याचा पगार कुठून सांगणार? त्यांची मजुरी नगावर. तिथे काम सुटण्याआधीच्या तीन महिन्यांच्या मजुरीची सरासरी धरायची, ओव्हरटाइम वगळून. मालकाची बाजू नेमक्या मंदीच्या महिन्यांवर बोट ठेवते, तेव्हा मजुरीची नोंद स्वतः ओळ न् ओळ वाच. हजेरीपत्रक नसेल तर पीएफचं पासबुक, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, काहीही चालतं. कोऱ्या कागदावर सही दिलीय का, हेही विचार. बहुतेकांनी दिलेली असते.

ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळते. एमआयडीसीतल्या पोरांना हे ठाऊकच नाही.

आणि थोडं तेलुगू शीक बाबा. दुभाष्या शेजारी बसला की बाई अर्धं बोलतच नाही.