मुलाच्या संसारासाठी काय मागावं?

प्रश्न : मुलाच्या लग्नाला दोन वर्षं झाली. तो आणि सून पुण्याला असतात, आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यात. रोज फोन करणारा मुलगा आता आठवड्यातून एकदा बोलतो. रविवारी दोघं सुनेच्या माहेरच्या चर्चला जातात. "प्रभू, माझा मुलगा मला परत दे," अशी मी रोज प्रार्थना करते. महिला मंडळाच्या प्रार्थनेत हा विषय मांडू का?

उत्तर : प्रिय भगिनी, प्रार्थना सोडू नका, मागणं मात्र बदला. बायबलमधल्या उत्पत्ती २:२४ मध्ये आईबापांना सोडून पत्नीशी जडून राहतो तो पुरुष. आपल्याकडे घर सोडते मुलगी, त्यामुळे प्रत्येक लग्नात हे वचन वाचलं जाऊनही ते आपल्याला उद्देशून आहे असं मुलाच्या आईला वाटत नाही. "मुलगा परत दे" हे मागणं त्या वचनाच्या उलट जातं. सोडणं म्हणजे टाकणं नव्हे. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा (निर्गम २०:१२) लग्नानंतरही त्याच्यावर आहेच.

त्याच वचनात 'जडून राहणे' यासाठी जे हिब्रू क्रियापद आहे, तेच रूथ १:१४ मध्ये आलं आहे, आणि तिथे सून सासूला बिलगून राहते. पण त्याआधी त्या सासूने, नामीने, काय केलं ते पाहा. पदरचे दोन्ही मुलगे गेलेले असताना तिने सुनांना मोकळं केलं आणि त्यांच्यासाठी देवाची दया व नव्या घरी विसावा मागितला (१:८-९). स्वतःसाठी काही मागितलं नाही. हाच साचा तुम्ही घ्या.

रोज दहा मिनिटं पुरतात. पहिली दोन-तीन मिनिटं मनातला सल प्रभूपुढे मोकळेपणाने बोला. स्तोत्रकर्त्यांनीही तेच केलं. मग गणना ६:२४-२६ मधला आशीर्वाद दोघांची नावं घालून मोठ्याने म्हणा, सुनेचं नाव आधी. शेवटी एकच नेमकी गरज मांडा : तिची नोकरी, घरभाडं, तब्येत. "तिला सुबुद्धी दे" हे टाळा. ती प्रार्थनेच्या रूपातली तक्रार असते, आणि आमेन म्हणून उठताना मन आणखी कडू झालेलं असतं.

मंडळात "मुला-सुनेच्या घरासाठी प्रार्थना करा" एवढंच सांगा. आपल्या मंडळ्या एकमेकींच्या नात्यागोत्यात गुंतलेल्या आहेत. तपशील सांगितला की तो फिरत फिरत सुनेच्या माहेरी पोहोचतो. लाकूड संपलं की विस्तव विझतो, तसं चहाडी थांबली की भांडण मिटतं, असं नीतिसूत्रे २६:२० सांगतं. खुपणारी गोष्ट असेल तर मत्तय १८:१५ चा क्रम पाळा : आधी त्या व्यक्तीशी, एकांतात. तरीही सल्ला लागला तर फक्त पाळकांना विचारा.

फोन सुनेला थेट करा. मुलामार्फत निरोप दिला की तो दोघींच्या कात्रीत सापडतो, आणि मग फोनच टाळू लागतो. "कुठल्या चर्चला गेलात?" हा प्रश्न नको. दोघं मिळून उपासनेला जातात याबद्दल तर आभार माना. पत्नीच्या कर्तव्याची वचनं तिला व्हॉट्सॲपवर पाठवू नका. वचनाचा टोमणा झाला की वचनच नकोसं होतं. नाताळ कुठे, हे ऑक्टोबरमध्येच ठरवा : एक वर्ष तुमच्याकडे, एक तिच्या माहेरी. ज्या वर्षी नाताळ तिकडे, त्या वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला त्यांना बोलवा.

सल्ला द्यायची वेळ आली तर निर्गम १८ मधला मोशेचा सासरा इथ्रो आठवा. त्याने आधी जावयाची हकीकत ऐकली, त्याचं काम पाहिलं, एकदा सुचवलं, निर्णय देवाच्या आज्ञेवर सोडला आणि आपल्या देशी परत गेला.

एक अपवाद आहे. त्या घरात मारहाण, छळ किंवा पैशांची मागणी होत असेल, आणि ती तुमच्या मुलाकडून असली तरी, "सहन कर, प्रार्थना कर" असं सुनेला सांगू नका. आधी तिला सुरक्षित जागी आणा. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१ आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली तिला संरक्षण मागता येतं. अशा वेळी सासू तिच्या बाजूने उभी राहिली, तर तिला फार मोठा आधार मिळतो.